ओलं लाकूड

गास्पार,

नऊ दिवस झाले, धूर दरीतच कोंडलाय आणि मों ब्लांचा डोंगर दिसेनासा झालाय. लाकडाच्या शेगड्या पेटवायला बंदी आहे. मी पेटवते. मला सोडून शेजारच्या ओदेतकडे राहायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात तू फोडलेलं ओलं लाकूडच घालते. वाराच नाही, त्यामुळे धूर थेट तुमच्या खिडकीशी जाऊन बसतो.

सकाळी ओदेत आली. "ताई, ह्यांना रात्रभर धाप लागलीय हो. आजचा दिवस तरी शेगडी बंद ठेवा!"

ताई म्हणाली मला!

"धुराडं माझं असलं, तरी लाकूड त्याचंच आहे गं," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. ओलं लाकूड पेटवायला कोरडा कागद लागतो.

अजून तुझ्याच लाकडावर शेकणारी,
सिदोनी