बावन्न मंगळवार

रत्नागिरी,
ता. ३ ऑक्टोबर १९३१

चि. सौ. राहीस आत्मारामदादाचा आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र टपालाने न टाकता विठू गाडीवानाच्या हाती देतो आहे. वाचून लगेच चुलीत घाल. तुझंही उत्तर त्याच्याच हाती दे. तो माझ्या भरवशाचा आहे, शिवाय त्याला वाचता येत नाही, हे आणखी बरं.

त्या दिवशी डॉक्टरांनी तुझ्या डाव्या हाताच्या चट्ट्यावर टाचणी टोचली आणि तू आपली खिडकीतून कावळे बघत राहिलीस, तेव्हाच मी काय ते ओळखलं. रक्तपिती, महारोग, हे शब्द मी इथे एकदा लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. तू गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, फार लवकर सापडलं आहे. कडू कवठाच्या तेलाची सुई, आठवड्याला एक, अशा बावन्न घेतल्या तर चट्टा आहे तिथेच थांबेल, कदाचित जाईलही. एखादी चुकली तर ते चालवून घेतील. ओळीने चार चुकल्या तर मात्र केलं सगळं पाण्यात, आणि मोजणी पहिल्यापासून.

दर मंगळवारी डॉक्टर पुळ्याच्या वाटेवर जुन्या जकातनाक्याच्या खोलीत बसतात. मालगुंडाहून तुला अर्ध्या तासाची चाल. आता घरातून निघायचं कसं, तर त्याची युक्ती मी काढली आहे. सासूबाईंना सांग की धोंडूराव बोटीवरून सुखरूप परत यावेत म्हणून पुळ्याच्या गणपतीला बावन्न मंगळवारांचा नवस बोलले आहे. देवाच्या नावाला कोण आडवं येणार? बारा वर्षं कोर्टात कारकुनी केली ती काही फुकट गेली नाही.

मी दर शनिवारी एक कार्ड टाकीन. त्यात एवढंच असेल, की गणपतीला माझा नमस्कार सांग. ते सोमवारी हाती पडलं की उद्या सुई, असं समज. लहानपणी तेराचा पाढा विसरायचीस तसं हे विसरू नको बाय. सासरी कळलं तर तुला घराबाहेर काढतील आणि हौसाला तुझ्यापासून तोडतील. तीन वर्षांचं पोर ते. तिच्यासाठी तरी मंगळवार चुकवू नको.

माझा जीव तुझ्यात आहे, हे लिहून सांगायला नको.

तुझा
आत्मारामदादा

•

मालगुंड,
ता. २६ नोव्हेंबर १९३१

ती. आत्मारामदादाच्या चरणी राहीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आठ झाल्या. प्रत्येक मंगळवारी आल्यावर देवळीतल्या गाडग्यात एक सुपारी टाकते. तेराचा पाढा अजून येत नाही, पण आठपर्यंत मोजता येतं, हे तुझ्या कारकुनी डोक्याला कळावं.

तुझी युक्ती इतकी चालली की मलाच भीती वाटते. सासूबाई सोमवारपासून मागे लागतात, उद्या लवकर ऊठ, डोक्यावरून पाणी घे. जास्वंदी स्वतः काढून देतात. शेजारणी आपापले नारळ माझ्या टोपलीत घालतात, मी त्यांची ओझ्याची गाढवीण झाले आहे. देवळात मी जात नाही दादा. असलं अंग घेऊन गाभाऱ्याशी कशी जाऊ? चिमा फुलवाली बसते तिच्याजवळ टोपली देते, ती आत जाऊन प्रसाद आणून देते. मी बाहेरूनच हात जोडते.

सुई फार दुखते. तेल दाट असतं, आत जाताना विस्तव गेल्यासारखं होतं आणि गाठ दोन दिवस बसू देत नाही. घरी सांगते, प्रदक्षिणेने पाय भरून आले. खोलीबाहेर रांगेत बाकीचे बसलेले असतात. एकाला नाक नाही. मी त्याच्याकडे बघत नाही आणि तो मात्र माझ्याकडे बघून हसतो, जुनी ओळख असल्यासारखा.

एका मंगळवारी माझी बाहेर बसायची पाळी आली. मी ती लपवली आणि गेले. चार दिवस सगळ्या घरात वावरले, देवाचं पाणी भरलं. हे पाप तुझ्या नावावर घाल, मला आधीच पुष्कळ आहे.

हौसा बडबड फार करते. वहिनीला नमस्कार. मुलांना माझे मुके नको, नुसते आशीर्वाद सांग.

दादा, माया आहे तेवढी ठेव.

तुझी
राही

•

रत्नागिरी,
ता. २ जानेवारी १९३२

चि. सौ. राहीस आशीर्वाद. वि. वि.

आज डॉक्टर बाजारात भेटले. म्हणाले, तुमच्या बहिणीला मंगळवारी चट्ट्याच्या कडेला टोचलं तर तिने हात मागे घेतला. मी तिथेच त्यांना पेढे खा म्हणालो, ते नको म्हणाले, म्हणून मी एकट्याने खाल्ले. तेरा झाल्या. आता तेराचा पाढा पाठ करायला हरकत नाही.

चट्टा पदराखाली ठेव. शनिवारचं कार्ड चुकणार नाही.

तुझा
दादा

•

मालगुंड,
ता. २५ फेब्रुवारी १९३२

ती. दादाच्या चरणी राहीचा नमस्कार. वि. वि.

तुझी चारही कार्डं मिळाली. दर सोमवारी हातात घेऊन बसले. चारही मंगळवार गेले.

झालं असं, की पहिल्या तारखेला सोमवारी खालच्या घरचे महिपतकाका वारले. भावकीतले, म्हणजे आम्हांला दहा दिवसांचं सुतक. सुतकात देवाला जाता येत नाही. मंगळवारी सकाळी सासूबाईंनीच टोपली उचलून माळ्यावर ठेवली. मी काय म्हणणार? दोन मंगळवार त्यात गेले. अकराव्या दिवशी घर सारवलं, मी म्हटलं आता पुढचा मंगळवार आपला. तर रविवारी वरच्या घरी चुलत जावेला मुलगा झाला, आणि पुन्हा दहा दिवस सोयर. घरोघर गूळ वाटला. मी तो गूळ हातात घेऊन परसात जाऊन रडले. जावेला वाटलं, मला मुलगा नाही म्हणून रडते.

भावकीची सोळा घरं आहेत दादा. सोळा घरांत कोणी ना कोणी मरणार, कोणी ना कोणी जन्मणार. हे तुझ्या आणि माझ्या दोघांच्याही ध्यानात कसं आलं नाही? बाजाराला जाते म्हटलं असतं तर बाजाराला सुतक नसतं.

सासूबाई म्हणतात, नवस खंडला, आता बावन्न पहिल्यापासून मोज. डॉक्टरही तेच म्हणणार. मी गाडग्यातल्या सतरा सुपाऱ्या काढून सासऱ्यांच्या पानाच्या डब्यात घातल्या.

माझ्यावर रागावू नको, एवढंच मागते.

राही

•

रत्नागिरी,
ता. २८ फेब्रुवारी १९३२

चि. सौ. राहीस आशीर्वाद. वि. वि.

रागावलो तो माझ्यावर. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. एवढा शहाणा मी, आणि सुतकाचा विचार केला नाही, कारण इथे शहरात भाऊबंद लांब, आम्ही कार्ड आलं की आंघोळ करून मोकळे होतो.

तुझ्या मनात येईल की दादाने मला इथेच का आणून ठेवलं नाही. खरं ते लिहितो. तुझ्या वहिनीला मी सांगितलं. तिने आपल्या दोन्ही मुलांना जवळ ओढलं. मी तो विषय तिथेच सोडला. मला माफ कर.

आता नवस बदलता येत नाही, निमित्तही बदलता येत नाही, सासूबाईंना संशय येईल. उद्या सोमवार, परवा पहिली. जा आणि एकपासून सुरू कर. कोणी मरू नये एवढीच प्रार्थना मी रोज त्या सोळा घरांसाठी करतो आहे, कोण कुठले ते, मी त्यांची नावंही जाणत नाही.

तुझा
आत्मारामदादा

•

मालगुंड,
ता. १५ जुलै १९३२

ती. दादास राहीचा नमस्कार. वि. वि.

हे शेवटचं पत्र मी या घरातून लिहिते आहे. पडवीच्या टोकाला गोठ्याजवळ बसून लिहिते, आत यायचं नाही असं सांगितलं आहे.

पहिल्यापासून सुरू केल्यावर सतरा झाल्या होत्या. मधे दोनदा भावकीत सोयर आलं, पण एकेकच मंगळवार गेला. भुवईवर नवा चट्टा आला होता, तो मी कुंकू मोठं लावून झाकत होते. मग सोमवारी पोस्टमनने दोन कार्डं माझ्या हातात दिली. एक तुझं नमस्काराचं. दुसरं मुंबईहून, ह्यांचे चुलतकाका हरिश्चंद्र गेले म्हणून. शेतात लावणी चाललेली, घरात मी एकटी. असलं कार्ड वाचून उंबऱ्याबाहेरच फाडून टाकायचं असतं, घरात आणायचं नसतं. मी ते तांदळाच्या कणगीत खुपसलं. म्हटलं, उद्याची सुई घेऊन येते आणि बुधवारी आत्ताच आलं असं सांगते. मेलेल्या माणसाने माझ्यासाठी एक दिवस थांबावं, एवढंच मागत होते.

मंगळवारी मी सुई घ्यायला गेले आणि सासूबाई तांदूळ काढायला गेल्या. त्यांना अक्षर येत नाही. पण कार्डावर डोक्याशी श्री नाही एवढं त्यांनाही कळतं. काशीराम दुकानदाराकडून त्यांनी ते वाचून घेतलं. मी प्रसाद घेऊन दारात आले तेव्हा त्या उभ्या होत्या. सुतकात देवाला गेलीस, मुडद्याची चिठ्ठी अन्नात ठेवलीस, असं म्हणाल्या. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः पुळ्याला गेल्या, देवाची क्षमा मागायला. गुरवाला विचारलं, माझी सून दर मंगळवारी येते ती तुम्हांला ठाऊक असेल. तो म्हणाला, अशी कोणी बाई मी पाहिली नाही. मग चिमाने जकातनाक्याची खोली दाखवली आणि तिथे कोणाला सुई देतात तेही सांगितलं. तिचा दोष नाही, तिला वाटलं सासूला माहीत आहे.

हौसाला वरच्या घरी नेऊन ठेवलं आहे. तिचा आवाज येतो. मी हाक मारली तर ती येईल, म्हणून मी हाक मारत नाही.

येऊन घेऊन जा.

राही

•

रत्नागिरी,
ता. ११ सप्टेंबर १९३२

चि. सौ. राहीस आत्मारामदादाचा आशीर्वाद. वि. वि.

तुला ठेवलं आहे तो रोग्यांचा आश्रम माझ्या घरापासून दीड मैलावर आहे आणि मी तुला पत्र लिहितो आहे, यावरून माझी किंमत कर. दोनदा फाटकापर्यंत आलो. कोर्टातला एक जण वाटेत भेटला, कुठे निघालात म्हणाला, आणि मी मागे फिरलो.

हौसासाठी मालगुंडास गेलो होतो. तिला मी मागितलं. वहिनी यावेळी हो म्हणाली होती, तिच्यावर राग धरू नको. पण तुझ्या सासूबाईंनी पोर दिली नाही. म्हणाल्या, आमचं रक्त आमच्याकडे राहील. धोंडूरावांचं बोटीवरून पत्र आलं आहे, आई म्हणेल ते करा, एवढंच. हौसाला सांगितलं आहे की आई मुंबईला गेली. तिने मला विचारलं, मुंबईला मंगळवार असतो का. मी असतो म्हणालो.

शनिवारी हात आपोआप कार्डाकडे जातो. काल लिहून झाल्यावर लक्षात आलं, ते फाडून टाकलं.

राही, युक्ती माझी होती. देवाचं नाव मी घातलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तू विसर म्हणालीस तरी विसरणार नाही.

तुझा
दादा

•

आश्रम, रत्नागिरी,
ता. १८ जानेवारी १९३३

ती. आत्मारामदादाच्या चरणी राहीचा लांबून नमस्कार. वि. वि.

पत्र उन्हात दोन तास ठेवून मग वाच. वहिनी चिमट्याने धरत असेल तर धरू दे, मला वाईट वाटत नाही. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताची बोटं मिटली आहेत आणि कागद दाबून धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, ती आता उघडायची नाहीत. सुई पुढे जाऊ नये म्हणून द्यायची, मागे आणायला उशीर झाला. मी म्हटलं, किती उशीर? ते म्हणाले, तो पहिला खंड पडला नसता तर. मग पुढच्या रोग्याकडे वळले, भला माणूस आहे.

इथे मंगळवार विसरायची सोय नाही. सकाळी घंटा होते, सगळे रांगेला लागतात. तो नाक नसलेला माणूस इथेच आहे, रघू नावाचा, नाखव्यांच्या घरचा. आता मीही त्याच्याकडे बघून हसते.

लिहायचं कारण वेगळं आहे. मालगुंडाकडचा एक नवा रोगी आला, त्याच्याकडून कळलं की माझे सासरे रविवारी गेले. मला कोणी कळवलं नाही. तुलाही नसेल. मी आंघोळ केली, कोपऱ्यात जाऊन बसले, जेवले नाही, दहा दिवस पाळायचे म्हणून. ते मला कधी वावगा शब्द बोलले नव्हते, पानाचा डबा भरलेला बघून हसायचे. सोमवारी तो रोगी म्हणाला, बाई, तुम्ही कशाला बसलात? तुमच्या सासूने तुमच्या नावाचं केव्हाच पाणी सोडलं. भावकीने बसून ठरवलं, हिचं सोयर नाही, सुतक नाही, ही आमची कोणी नाही.

मग मी उठले. सोळा घरं, दादा, आणि आता त्यांतलं कोणी मेलं तरी मला अडत नाही. हेच मला मागच्या फेब्रुवारीत कोणी दिलं असतं तर.

हौसा सध्या सुतकात असेल. चार वर्षांची पोर, तिला गोडधोड देणार नाहीत, देवाजवळ जाऊ देणार नाहीत. ती त्या घरची आहे. तिला सुतक आहे, मला नाही.

काल मंगळवार होता. सुई वेळेवर घेतली.

लोभ ठेव. त्याला हात लावावा लागत नाही.

तुझी
राही