चारशे बारा संदेश आणि वरच्या चार ओळी

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून तो मनानेच घालतो). आपली तब्येत, ताईची साखर आणि तुमच्या घराच्या जिन्याची चौथी पायरी या तिन्ही ठीक असाव्यात. आम्ही देवाच्या कृपेने आणि तुमच्या शब्दाने बरे आहोत.

छापखाना बंद पडल्यावर दोन महिने मी घरात जुन्या कपाटासारखा उभा होतो. तुम्ही रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकलात, म्हणून हे काम मिळाले. दारापाशी नावनोंदणीचे मशीन बसवायचे होते, आणि त्याच्या पडद्यावर दिसणारे चारशे बारा संदेश आपल्या भाषेत करायचे होते. काम सरळ आहे. फाइलमध्ये प्रत्येक ओळीत डावीकडे एक खूणक्रमांक, मग बरोबरचे चिन्ह, मग आपले वाक्य. मशीन सुरू झाले की ती फाइल उचलते आणि क्रमांकाच्या जागी वाक्य दाखवते. डावीकडे हात लावायचा नाही, एवढेच मला बजावले होते. मी लावला नाही.

तरीही पहिल्या चाचणीला पडद्यावर नुसते आकडेच उमटले. एका आजींना ११२ दिसला, तर त्या बाकावर जाऊन बसल्या आणि आपला नंबर कधी पुकारतात याची दुपारपर्यंत वाट पाहत राहिल्या. (मी त्यांना चहा पाजला. दुसरे काय करणार?) साहेबांनी सांगितले, सोमवारपर्यंत फाइल चढली नाही तर काम बाहेरच्या कंपनीला. माझी नोकरी जाईल याचे दुःख होतेच, पण दाजी, तुमचा शब्द पडेल या विचाराने घास उतरेना.

मशीन बसवायला आलेली प्रोग्रामर बाई वयाने माझ्या पुतणीएवढी, स्वभावाने लाख माणूस. ती स्वतःचीच चूक शोधत राहिली. फाइलचे नाव तपासले, जागा तपासली. मी माझ्याकडून सगळे संदेश नव्याने लिहून काढले. ‘कृपया’ फार झाले असतील म्हणून साठ ‘कृपया’ काढले. फाइल चढेना. दुसऱ्यांदा लिहिले. चढेना. तिसऱ्यांदा लिहिले. तरीही चढेना.

शुक्रवारी दुपारी तिने माझी फाइल अगदी वरपासून उघडली आणि माथ्यावर बोट ठेवले.

“काका, ह्या पहिल्या चार ओळी कोणासाठी?”

“वरच्यासाठी.”

“मशीनला वाटतंय, त्याच्यासाठीच आहेत!”

आता तुमच्यापासून काय लपवायचे. गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय, कोऱ्या पानावर आधी देवाला एक ओळ. पहिल्या फाइलच्या माथ्यावर मी ‘देवा, सांभाळून घे’ एवढेच लिहिले होते. त्या ओळीला ना क्रमांक, ना बरोबरचे चिन्ह. मशीन गोंधळले आणि न बोलता अख्खी फाइल टाकून मोकळे झाले. फाइल पडली म्हणून मी दुसऱ्या वेळी दोन ओळींची प्रार्थना केली, तिसऱ्या वेळी चार. जितका कळवळून धावा करावा, तितके मशीन घट्ट!

मी शरमून त्या ओळी पुसायला गेलो, तर तिने माझा हात अडवला. म्हणाली, “राहू द्या की. फक्त पुढे ही जाळीसारखी खूण टाका. खुणेच्या ओळी माणसांसाठी असतात, मशीन त्या ओलांडून जातं.” चार ओळींना चार खुणा टाकल्या. फाइल चढली. पडद्यावर पहिलेच वाक्य आले, ‘थोडे थांबा’, आणि साहेब, ती आणि मी तिघेही मुकाट्याने थांबलो. दाजी, इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाचे ऐकले नव्हते.

तुमचे, तिचे आणि त्याचे उपकार कोणत्या क्रमाने मांडावेत ते मला कळत नाही, म्हणून एकाच ओळीत मांडले आहेत.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : साहेब मला वर्षभर ठेवायला तयार आहेत, पण तुमचे शिफारसपत्र नव्याने हवे म्हणतात. कृपा करून लवकर धाडावे. मात्र ‘याच्या नजरेतून एक ओळ सुटत नाही’ हे वाक्य या खेपेस गाळावे. मागच्या पत्रात साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली आहे.

आणखी एक ता. क. : काल साहेबांनी दार लोटून हळूच विचारले, त्या वरच्या ओळींत त्यांच्या गुडघ्याचे काही घालता येईल का. खूण टाकून पाचवी ओळ लिहिली आहे. गुडघ्याचे अजून कळले नाही. मशीन मात्र चालते आहे.