मायले सांगायचं राहूनच गेलं

जानेफळ
श्रावण, दुपार

प्रिय गोदे,

तू होतीस तोवर हे नाव एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. ‘आयकते का’ एवढ्यावरच आपला संसार झाला. आज नावानं लिहितो आहे, कारण बंद दारामागे आपली शांता कण्हते आहे आणि मी ओसरीवर लेखणी धरून बसलो आहे. लेखणी धरायची ही वेळ नव्हे, कळतं मला. पण हात तिकडंच जातो, काय करू!

शांता पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली आहे. तुझ्याच खोलीत आहे. सकाळपासून कळा सुरू आहेत. आत माझी माय आणि सखामाय सुईण. शांताच्या वेळी तुझ्याजवळही याच दोघी होत्या, गोदे. म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

तुला आठवतं ना, टपाल आलं की मी शाळेतून थेट घरी यायचो? मासिकातलं ‘नवे शोध’ हे पान तुला वाचून दाखवल्याशिवाय मला भाकर गोड लागायची नाही. तू तूर निवडत बसायचीस. मान वर करायची नाहीस, पण एक अक्षर सुटायचं नाही तुझ्या कानातून. कातडीतून आरपार जाणाऱ्या उजेडात माणसाची हाडं दिसतात, असं मी वाचलं तर तू म्हणालीस, “हाडं दिसते, तं मग मायच्या मनातलं काऊन नाही दिसत?” मी एवढा हसलो की मायनं आतून विचारलं, काय झालं रे.

आणि सारं गाव मला हुशार मास्तर म्हणायचं! हुशार तू होतीस.

शांताच्या वेळी तुला सातवा भरला होता तेव्हा ते पान आलं. बाळंतिणीला जो ताप चढतो तो बाहेरच्या वाऱ्यानं नाही, नजरेनंही नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू सुइणीच्या हातावरून पोटात जातात. हात साबणानं घासावे, नाळ कापायचं हत्यार उकळावं, की झालं. मी ऐटीत वाचलं. तुझा हात सुपातच थांबला.

“सखामाय तं आधी खोली सारवते,” तू म्हणालीस. “शेणाचा हात पुसते पदराले आन् तसाच लावते. नाळ कापाचा इळा कडब्यात खोचेल असते.”

मी अंक मिटला.

“तुमी मायले सांगा न. मी सून हावो, मले कोन आयकते?”

“हो,” मी म्हणालो. केवढं सोपं होतं हो म्हणणं!

सारवलं की घर शुद्ध झालं, हेच आपण सगळे लहानपणापासून मानत आलो. सखामायचं मन वाईट नव्हतं गं. उलट तुझ्यासाठी तिनं जरा जास्तच निगुतीनं सारवलं. तिला कोणी सांगितलंच नाही. ज्याला ठाऊक होतं तो वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावत होता.

एकदा गेलो होतो मी मायजवळ, खोटं नाही सांगत. ती चुलीपुढं होती. तोंड उघडलं. “काय रे बापू?” तिनं विचारलं. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? “पाणी दे प्याले.” तहान नव्हती. तांब्या उभ्यानं रिकामा केला आणि बाहेर आलो. बायकांच्या खोलीतल्या गोष्टी पुरुषानं आईसमोर काढायच्या, याची लाज वाटली मला. लाज! तुझ्या जिवापेक्षा मोठी!

तिसऱ्या दिवशी तुला हीव भरलं. मायनं वाफारा दिला, दृष्ट काढली. नवव्या दिवशी तू गेलीस. जाताना माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. काऊन नाही बोललीस गं? ‘मी तुमाले सांगतलं होतं’ एवढं तरी म्हणायचं होतंस. शिवी घालायचीस. त्या गप्प राहण्यावर मी इतकी वर्षं जगलो आहे आणि ते जगणं काही खरं नाही.

त्यानंतरही मासिक येत राहिलं. नेपच्यूनच्याही पलीकडं एक ग्रह सापडला, गोदे. हिरव्या पाल्यात, कलेजीत, मोडाच्या धान्यात काय काय दडलंय ते काढलं लोकांनी, त्याला जीवनसत्त्व म्हणतात. परवाच्या अंकात तर कहरच आहे. एका बुरशीतून असं औषध निघालं आहे की तुला चढला होता तसला ताप उतरतो म्हणे. बुरशी! बुरशी आलेली भाकर तू गुरांपुढं टाकायचीस. सध्या ते औषध लढाईवरच्या शिपायांना जातं, आमच्या जानेफळला कोण आणून देणार? वाचून मी अंक भिंतीवर फेकला. कोणासाठी लावतात हे शोध, माझ्यासारख्यानं वाचून ठेवून देण्यासाठी?

आता खरं सांगतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

शांताला मी शिकवलं. तुझी तेवढी एक इच्छा पाळली. तिनं जुने अंक सगळे वाचले आहेत. काल संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली, तुझ्यासारखीच, मान खाली घालून. म्हणाली, “बाबा, तुमी आजीले सांगा न. माह्यं नाही आयकत ते. म्हन्ते, चार बुकं शिकली तं मले शिकवते.”

आणि मी म्हणालो, “हो.”

तसंच म्हणालो गं! त्याच सुरात! आज सकाळी मेहकरच्या नर्सबाईला आणू म्हणून बैलगाडी जुंपायला निघालो, तर नाल्याला पूर. परत आलो. मायजवळ गेलो. “काय रे बापू, तोंड काऊन उतरलं?” तिनं विचारलं. केस पांढरे झाले माझे, पण तिच्यापुढं मी अजून तोच. “काही नाही,” म्हणालो आणि ओसरीवर येऊन बसलो.

हे लिहीत असतानाच सखामाय बाहेर आली. दाराजवळची शेणाची पाटी उचलली. मला म्हणाली, “घाबरू नका मास्तर, अजून येळ हाय. पहिलटकरीन हाय पोरगी.” हात कोपरापर्यंत हिरवे. पदराला पुसले आणि आत गेली. कडब्यातला विळा मला इथून दिसतो आहे.

आत शांता ओरडली. “बाबा” म्हणाली. कळ आली की पोरी आईला हाक मारतात ना? हिला आई कुठं आहे! हिनं हाक मला मारली. आणि मी इथं ओळी सरळ येतात की नाही ते पाहतो आहे. तू म्हणायचीस, “कागदावर लय शूर तुमी.” खरंच गं, खरंच.

अजून वेळ आहे, असं सखामाय म्हणाली. तुझ्या वेळीही होता.

सरपणाच्या पऱ्हाट्या पावसानं ओल्या झाल्या आहेत, नुसत्या धुमसताहेत, पाणी लवकर उकळायचं नाही. फळीवर मासिकांचा गठ्ठा आहे, तुझ्यापासून आजपर्यंतचा. तो सगळा चुलीत घालतो, बुरशीचा अंकही. विळा पातेल्यात टाकतो. साबण घेतो आणि दार वाजवतो. माय ओरडेल, ‘बाईमानसाच्या खोलीत कुठं येऊन राह्यला बे?’ ओरडू दे. तिच्यापुढं हात जोडीन, सखामायचे पाय धरीन, नाही ऐकलं तर उंबऱ्यात आडवा पडेन. पण आज मायनं ‘काय रे’ विचारलं की प्यायचं पाणी मागणार नाही. हे वचन तुला, गोदे. मोडलं तर वर आल्यावर माझं तोंड पाहू नकोस.

दौत उघडीच ठेवतो. उठलो.

शांताचा बाप