संतरामबाबांची बाज मी काहून उसवली

रा. रा. मेव्हणे रखमाजीराव, मुक्काम नरसी नामदेव, यांसी गोरेगावहून तुमचा दाजी शिवशंकर याचा नमस्कार पोचावा.

आधी, कुणापाशी न शिकता या दोन हातांनी मी काय काय केलं ते लिहितो: दोन मजली खुराडं (वरच्या मजल्यावर कोंबड्या जात नाहीत, तो दोष कोंबड्यांचा), बैलांची चार मुसकी, दुधाचं शिंकं, सायकलच्या रिमचा पाळणा, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी विणलेले तीन स्टूल आणि तुमच्याच न्हाणीचं दार. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पत्र तुमच्या घरी मोठ्यानं वाचलं जाणार आणि तुमची बहीण सिंधूबाई सध्या तिथंच बसलेली असणार, म्हणून उजळणी बरी. वहिनींचा खोकला कसा आहे? आमचे सासरे संतरामबाबा, त्यांचे गुडघे काय म्हणतात? इकडे मी खुशाल. खिचडी बराबर जमते. अकरा दिवस रोज जमून राहिली.

चार दिवसांत परतेल असं मी धरून चाललो होतो, ती बाई अकरा दिवस झाले तरी आली नाही. फोन लावला तर तीच उचलते, "बाज झाली का?" एवढं विचारते आणि ठेवून देते. म्हणून हे पत्र जीपवाल्या प्रेमदासच्या हाती दिलं. दाजींनी बाबांची बाज उसवली, असं तिनं सांगितलं असेल. ते खरं आहे. कोणत्या विद्येच्या कामासाठी उसवली, हे मात्र सांगितलं नसणार.

झालं असं की आमच्या शाळेच्या पल्लवी मॅडमना उन्हाळी शिबिर घ्या म्हणून वरून हुकूम आला, आणि हुकमासोबत सामान काहीच आलं नाही (आमच्याकडे हुकूम नेहमी एकटाच प्रवास करतो). मॅडम म्हणाल्या, "काका, तीन दिवस लेकरांना काहीतरी शिकवा, घरच्याच वस्तूंतून." मी विणकाम घेतलं. पहिल्या दिवशी मिठाईच्या खोक्यांची झाकणं गोल कापली, कडेनं खाचा पाडल्या आणि जुन्या साडीच्या पट्ट्या एक वर, एक खाली अशा फिरवल्या. खाचा सतराच पाहिजेत. सोळा पाडल्या तर दुसऱ्या फेरीला पट्टी पहिल्याच वाटेनं जाते आणि वीण धरत नाही. मॅडमच्या पुस्तकात सोळा होत्या. मी पुस्तक मिटून ठेवलं. संध्याकाळपर्यंत तेवीस लेकरांची तेवीस आसनं झाली, मांजर बसेल एवढी.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या संपल्या. घरून आणा, विकत काही आणायचं नाही, एवढंच मी म्हणालो. लेकरांनी आजोबांच्या लेंग्यांच्या नाड्या आणल्या. ते ठीक होतं, आजोबा कुठं जाऊन राहिले? पण पोत्याच्या तोंडाची शिवण कोणत्या टोकानं ओढली म्हणजे सबंध दोरा एका झटक्यात निघतो, हेही मी शिकवून बसलो. ज्ञान लपवायचा माझा स्वभाव नाही. शेजारच्या विश्वंभरची नऊ पोती हळद हिंगोलीच्या मोंढ्याला जायला ओसरीवर रचलेली होती. दुपारपर्यंत नऊही पोती तोंड उघडून बसली, आणि सबंध वर्ग हळदीच्या नवरदेवासारखा पिवळा होऊन आला. दोरा मात्र उत्तम निघाला, कुठं एक तुकडा पडला नाही.

तिसऱ्या दिवशी मोठं काहीतरी करायचं ठरलं. त्याला माग पाहिजे. आता रखमाजीराव, तुम्हीच सांगा, चारही कोपरे काटकोनात, बाभळीचं लाकूड, लेकरं चहूबाजूंनी बसू शकतील अशी वस्तू घरात दुसरी कोणती? ही युक्ती माझी. (चौथीतली कोमल म्हणते तिची. लहान आहे.) सिंधूबाई दोन दिवस सेनगावला लग्नाला गेलेली. बाबांनी लग्नात दिलेली बाज मी अंगणात आणली आणि अंबाडीची दोरी अगदी आदबीनं सोडवली, एक गाठ न तोडता. गाठच नव्हती म्हणा. एकशे शहाण्णव हात सलग दोरी, बाबांनी मांडीवर वळलेली. तिचं वेटोळं करून पिंपात ठेवलं. लेकरांनी त्या चौकटीवर जी सतरंजी विणली, ती पाहून मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी मनाशी म्हणालो, सतरंजी निघाली की तासाभरात बाज पुन्हा विणू.

रखमाजीराव, तो तास अजून चालू आहे.

सिंधूबाई आली तेव्हा माझा पहिला प्रयत्न संपला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय, मासळीचं जाळं हाय का?" मी म्हणालो, ताण बसायचा आहे. तेवढ्यात विश्वंभर हळदीचं भांडण घेऊन आला आणि भांडायला म्हणून बाजेवर टेकला. तो कमरेपर्यंत खाली गेला. गुडघे नाकाला, पाय आभाळात. तशा अवस्थेतही त्यानं हळदीचा विषय सोडला नाही. त्याला दोघांनी ओढून काढलं, आणि सिंधूबाई इतकी हसली की मला वाटलं, प्रकरण मिटलं. मग तिनं हसता हसता डोळे पुसले आणि पिशवी भरायला घेतली.

"सगळं येतं तुमाला," म्हणाली. "बाबाला इचारलं असतं तर काय कमी झालं असतं? बाज होती तशी झाली की कळवा. तोवर आमी न्हाई येत."

दुसरा प्रयत्न झाला, तिसराही झाला. आता माणूस जमिनीला टेकत नाही, चार बोटं वर राहतो. पण मधली शंकरपाळ्यांची नक्षी येत नाही. माझी शंकरपाळी पायथ्याकडे जाता जाता चपटी होतात. लाकूड वाकलं असावं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा दाजी,
शिवशंकर

ता. क. बाबांना सहज गप्पांत विचारा: पहिला फेरा कोणत्या कोपऱ्यातून काढायचा, आणि दोऱ्या दोन-दोन घ्यायच्या की तीन-तीन. गोरेगावचा कुणी गरजू विचारून राहिला, असं सांगा. माझं नाव नको. वीस वर्षांमागं तुमच्या ओट्यावर मी त्यांना म्हणालो होतो, विणायला काय लागतं, अर्ध्या दिवसात येतं. ते म्हणाले होते, "येईल की. एकदा उसवून बघा."

दुसरा ता. क. त्यांनी ओळखलं तर ओळखू द्या. हसले तर पोटभर हसू द्या, मधे बोलू नका. हसून झालं की विचारा, गुडघ्यांना तकलीफ नसेल तर इकडे येता का. जीपमध्ये पुढची खिडकीची जागा प्रेमदासला सांगून ठेवली आहे. दोरी मी ओढीन, ते नुसते सांगतील. दोन जागा सांगितल्या आहेत. दुसरीवर कोण बसेल ते मी लिहीत नाही.

तिसरा ता. क. हे सिंधूबाईला मुद्दाम सांगू नका, पण ती जवळ असेल तर जरा सावकाश वाचा. मॅडमच्या ओळखीच्या रीताबाई परवा हिंगोलीहून आल्या होत्या. शोभेच्या वस्तूंचं दुकान काढून राहिल्या. त्यांनी माझी तिसरी वीण दोनदा फिरून पाहिली आणि विचारलं, ही अशी मुद्दाम विणली का? मी हो म्हणालो. अशी कला आपण कुठं पाहिली नाही, म्हणाल्या, आणि बाज आहे तशी मागितली. आजवर माझ्या हातच्या वस्तूला गिऱ्हाईक आलं नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणालो, बाज माझी नाही, आणि जिची आहे ती यायची आहे. त्या देत होत्या सहा हजार पाचशे रुपये.