दादाच्या नावाचा कप

रीडिंग, १४ मे २००६, रविवार

प्रिय दादा,

सकाळी आठवड्याची भाजी आणली, फ्रीज पुसला, मशीन लावलं. निखिल कामासाठी एडिनबराला गेलाय. अकराला हाउन्सलोहून बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोन आला. तिथल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी क्रिकेट सामन्यांत यंदापासून तुझ्या नावाचा कप द्यायचं त्यांनी ठरवलंय. उत्तम बोलरला. कपावर कोरायला तुझ्या नावाचं स्पेलिंग विचारत होते. मी एकेक अक्षर सांगितलं. म्हणून हे पत्र.

तू आयुष्यात कधी बोलिंग केलीस का रे?

माझं लग्न ठरत होतं तेव्हा निखिलच्या घरी विचारलं, भाऊ काय करतो? जर्मनीत तीन सीझन पगारी खेळाडू म्हणून अमेरिकन फुटबॉल खेळून तू नुकताच नॉटिंगहॅमच्या टीमचा कोच झाला होतास. सांगायला काय हरकत होती? पण मग लाइनमन म्हणजे काय तेही सांगावं लागलं असतं. बॉल फेकणाऱ्या आपल्या माणसाला कोणी पाडू नये म्हणून तू त्याच्यापुढे उभा राहतोस, समोरच्यांना अंगाने थोपवतोस, आणि त्यासाठीच एकशेतीस किलोंचा आहेस. मला त्याची लाज वाटायची. मी म्हटलं, कोच आहे, क्रिकेटचा.

हे तुला आधी सांगायचंही धैर्य झालं नाही. साखरपुड्यात बाबांनी तुला थेट इनस्विंगबद्दल विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. मग तू म्हणालास, "काका, मनगट सरळ ठेवायचं. बाकीचं इंग्लंडची हवा बघते." बाबा केवढे हसले! तेव्हापासून तू त्यांचा लाडका.

नंतर गाडीत एवढंच म्हणालास, "मनू, निदान फुटबॉल तरी म्हणायचंस." का नाही रागावलास, दादा? तू ओरडला असतास तर मी दुसऱ्याच दिवशी त्यांना खरं सांगितलं असतं. कदाचित.

मार्चमध्ये तुझं हृदय अचानक थांबलं. क्रिमेटोरियमच्या बाहेर तुझा कॅप्टन मला भेटला. बहिणीकडे जायचं असलं की कोच टीमच्या बसमध्ये पेपरातलं क्रिकेटचं पान पाठ करायचे, म्हणाला. मुलं चिडवायची, परीक्षा आहे का? तू म्हणायचास, हो, तोंडी. आणि मला वाटत होतं, तुला क्रिकेट आवडायला लागलंय!

हे ऐकून दहा मिनिटंही झाली नव्हती. तुझे सहा धिप्पाड खेळाडू तुला खांद्यावर घेऊन आत आले. बाबांनी हळूच विचारलं, "हे सगळे फास्ट बोलर का गं?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

तुला उचललेलं असताना, दादा.

कप मंगळवारी कोरायला जाणार आहे. उद्या मी रजा घेऊन हाउन्सलोला जाते. फोनवर नाही, बाबांच्या समोर बसून सगळं सांगते. तू कधी खोटं बोलला नाहीस, मी बोलले आणि तू मला सांभाळून घेतलंस, हेही सांगते. लाइनमन काय करतो ते मला जमेल तसं समजावीन. ते रागावले तर ऐकून घेईन. कप रद्द झाला तरी चालेल. तुला मात्र यापुढे बोलर म्हणू देणार नाही, हे वचन.

मशीन केव्हाच थांबलंय. ऊन आहे तोवर कपडे वाळत घालते.

तुझी,
मनू