ओल्या भिंतीवरचा कापूस

अमरावती, अश्विन वद्य दशमी, दिवेलागण

चुना परवडणारा नाही, म्हणून स्वयंपाकघराची काजळलेली भिंत दिवाळीसाठी पांढऱ्या मातीनंच पोतारायची ठरली. पोतारणाऱ्या बाया सगळ्या कापूस वेचायला गेलेल्या. शाळा सुटल्यावर माती मीच कालवली, हिनं हात फिरवला. भिंत कशी दुधासारखी दिसत होती! तेवढ्यात समोरच्या शेटजीनं ओसरीवर सरकी काढायला रेचा सुरू केला. वाऱ्यासरशी सगळा कापूस उघड्या दारातून आमच्या ओल्या भिंतीवर. जशा काही तिला मिशा फुटल्या.

ओरडून सांगितलं, तर दात काढत म्हणतो, "गुरुजी, सोनं चिकटून राह्यलं तुमच्या भितीले!"

सोनं म्हणे! त्या सोन्यापायीच तर कामाला माणूस मिळेना.

मला राहवेना. एकेक पुंजका उपटत सुटलो. प्रत्येकाबरोबर माती निघाली, बोटं उमटली. ही चुलीपासून ओरडली, "हात काहून लावता? वाळल्यावर कुंच्यानं झटकला असता न!" मग आधी का नाही सांगितलं? की सांगितलं होतं?

आता त्याच उपटलेल्या कापसाची वात वळून तिनं दिवा नेमका भिंतीपाशी ठेवलाय. माझं एकूण एक बोट दिसतंय.