सर, तुमच्या घरून मागणी आलीय

सर, सगळ्यात आधी तुमच्या मिसेसच आल्या. मुलगा आणि सून खाली गाडी लावायला जागा शोधत होते, आमच्या सानपाड्यात ती मिळतेय कधी, आणि ह्या एकट्याच लिफ्टनं वर. मी पिठाच्या हातांनी दार उघडलं. म्हणतात, "ओळखलं का ताई?" न ओळखायला काय झालं, केस तेवढे पांढरे झालेत. मग मागून बाकीचे आले. तुमचा नातू तुमच्यासारखीच मान जरा कलती करून ऐकतो. माझ्या नातीला मागणी घालायला आले होते, सर. दोघं बेलापूरला एका ऑफिसात आहेत, त्यांचं त्यांनी कधीच ठरवलंय. पण नात म्हणते, आजी हो म्हणाली तरच. तिच्या आईनंही, माझ्या मुलीनं, माझ्यावरच टाकलंय.

आनंद झालाय, लई झालाय. शेजारणीला सांगून झालं, लिफ्टवाल्यालाही सांगितलं. पण आत काही हलतच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं. तुम्ही गेलात तेव्हाही असंच झालं होतं. नेरूळला तुमच्या बिल्डिंगखाली ही गर्दी. रिक्षावाले रडत होते, तुम्ही नापास केलेली पोरंसुद्धा रडत होती. मी नुसती उभी, चप्पल हरवू नये म्हणून पायांकडे बघत.

तुमचं सगळ्यांना आवडायचं ते हेच, की तुमच्याकडे आपलं-परकं नव्हतं. तुमचा मुलगा उशिरा आला की तोही बाकीच्यांबरोबर शाळेच्या गेटबाहेर उन्हात. आणि ते गॅदरिंग आठवतं? माझी मुलगी नववीत. स्टेजवर कोण बोलणार यावर भांडण, नगरसेवक स्वतः त्यांच्या मुलीसाठी आलेले. मी कोपऱ्यात, पदर चावत. तुम्ही दोन्ही पोरींना मैदानाच्या त्या टोकाला पाठवता, माईक नाही, काही नाही, आणि स्वतः चालत चालत ह्या टोकाला येता. "जिचं इथं ऐकू येईल, ती बोलेल." माझ्या पोरीचं ऐकू आलं. नगरसेवक तोंड पाडून निघाले, तर तुम्ही त्यांना म्हणालात, "साहेब, पाणी तरी घ्या, ऊन आहे."

ती दहावी पास झाली तेव्हा मी नारळाच्या वड्या घेऊन आले होते. तुम्ही डबा उघडलात, वास घेतलात, हसलात आणि झाकण लावलंत. "पालकांकडून मी काही घेत नाही, ताई. पोरीला द्या, तिनं कमावल्यात." शिपाई म्हणाला, नगरसेवकांची मिठाईसुद्धा परत गेली. मला पटलं. तरी घरी येताना एक शंका चिकटली. आम्ही बौद्ध, तुम्ही वरच्या जातीचे. डबा परत आला तो नियमामुळे, का आमच्यामुळे? तुम्ही कुणाचंच घेत नव्हता, मग मला कळायचं कसं? विचारलं असतं तर तुम्हाला लागलं असतं, म्हणून नाही विचारलं.

परवा तुमच्या मिसेस माझ्या मागोमाग किचनमध्ये आल्या. शिरा कढईतूनच चमच्यानं खाल्ला, वर म्हणतात, "साखर बेतानं घातलीत हो, डायबेटीस माझा आहे, पोरांचा नाही." मी हसले, आणि हसता हसता तोंडातून गेलंच, "वहिनी, सरांना हे चाललं असतं?"

गॅस त्यांनीच बारीक केला. "खोटं नाही बोलत, ताई. शाळेत ते सगळ्यांचे होते. घरात सासूबाईंपुढे त्यांचा आवाज निघायचा नाही. काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही." मग म्हणाल्या, "मला मात्र तुमची पोरगी हवीय. माझं मी सांगितलं."

बाहेर सगळे हसत होते. मी कप धुतले, धुतलेलेच पुन्हा धुतले. नात आत आली, "आजी, हो म्हणालीस का?" म्हटलं, "विचार करून सांगते." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

विचार काय करायचाय, हो तर मी दार उघडलं तेव्हाच म्हटलं होतं मनात. पण तुम्ही हो म्हणता का, ते ऐकायचं होतं, त्यासाठी पोरीला ताटकळत ठेवलंय. हा कागद कुठं टाकायचा, कुणी नेणार नाही. तुमच्याविनाच हो सांगावं लागेल. तुमच्या घरचे रविवारी येतो म्हणालेत, सकाळीच.